उस्तादाचं ‘हूं’

सरपणाचा भारा भट्टीच्या भिंतीशी आदळून बायनाबाईनं पदराच्या शेवानं मान पुसली आणि सहज, मनात काही एक नसताना विचारलं, “नबीभाई, लागतो कसा वो ह्यो तुमचा पाव?” नबी तेव्हा लांब दांड्याच्या फावड्यानं भाजलेले पाव बाहेर ओढत होता. फावडं अर्ध्या वाटेत थांबलं. “कसा म्हंजे?” “कसा म्हंजे, गोड लागतो का आंबट लागतो का भाकरीवानी लागतो? अकरा सालं झाली, रोज सकाळी वास खाऊन जाते मी ह्येचा. वास तर लई भारी हाय. पर तोंडात कसा लागतो ते आमाला कोन सांगनार? म्हनलं तुमालाच इचारावं.” नबीनं तोंड उघडलं. उत्तर जिभेवर येईल म्हणून त्यानं क्षणभर वाट पाहिली. जिभेवर सकाळच्या दातुनाचा कडवटपणा तेवढा होता, बाकी काही नव्हतं. “चांगला लागतो,” तो म्हणाला. “त्ये तर मी बी सांगीन की!” बायनाबाई हसली, डोक्यावरची चुंबळ झटकली आणि निघूनही गेली. नबी फावडं धरून तसाच उभा राहिला आणि त्या नादात आतल्या चार पावांची पाठ जरा जास्तच लाल झाली.

तसं पाहिलं तर प्रश्नात काही नव्हतं. पण कपड्यात बाभळीचा काटा राहून जावा आणि दिवसभर हलताना टोचावा, तसं त्याला झालं. मोमिनाबादच्या छावणीत बावीस वर्षं तो रिसाल्याच्या साहेबांसाठी पाव भाजत होता. टोपली डोक्यावर घेऊन तो निघाला की तबेल्यातले घोडेसुद्धा माना वळवत. आणि या बावीस वर्षांत आपल्या हातचा पाव त्यानं एकदाही तोंडात घातला नव्हता. एक तुकडा नाही, एक कण नाही. पावात बिअर होती. खमिराच्या बरणीत दर दोन दिवसांनी मेसमधून आलेली बाटली ओतावी लागे, त्याशिवाय कणीक फुगत नसे. बाविसाव्या वर्षी तो या कामाला लागला तेव्हा त्याच्या आईनं, जैनबबीनं, उंबऱ्यात उभं राहून एकच अट घातली होती: “हाताला लागली तर हात धुता येतो. तोंडाला लावू नको, बेटा.” नबीनं हौ म्हटलं, आणि म्हटलं ते पाळलं. आईला जाऊनही आता चौदा वर्षं झाली होती. गावात मात्र त्याच्या पावाला दारूचा पाव म्हणत. हिंदू शिवत नसत, मुसलमान खात नसत, आणि नबीला त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं, कारण साहेब लोक खात होते आणि रोज मागत होते.

काम शिकवलं ते उस्तादानं. उस्ताद गोव्याकडचा ख्रिस्ती, पुण्याच्या लष्करातून इकडे आलेला, अंगानं धिप्पाड, हात असे की मूठ वळली तर कवठासारखी दिसायची. त्याचं खरं नाव छावणीत कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून सगळे उस्तादच म्हणत. त्यानं नबीला विलायतेहून पत्र्याच्या डब्यात बंद होऊन येणारी, बिअरला कडवटपणा देणारी हापाची फुलं ओळखायला शिकवली. सुकलेली, फिकट हिरवी, पाकळीवर पाकळी बसलेली. चुरली की बोटांना पिवळी चिकट भुकटी लागायची आणि वाळल्या गवताचा, लिंबाच्या सालीचा, कडवट असा वास यायचा. मूठभर फुलं पाण्यात उकळायची, पाणी गाळून कोमट होऊ द्यायचं, त्यात उकडलेला बटाटा, साखर आणि पीठ कालवायचं, वर बिअर ओतायची आणि बरणीचं तोंड फडक्यानं बांधून ठेवायचं. हापाच्या कडवटपणानं खमीर नासत नाही, बिअरनं त्याला जीव येतो, असं उस्ताद सांगे. भट्टी तापली की नाही हे मूठभर पीठ आत फेकून बघायचं. आकडे मोजता मोजता ते तांबूस झालं तर ठीक, काळं झालं तर थांबायचं. पाव झाला की नाही हे त्याच्या बुडाशी बोटानं टकटक करून, मडकं पारखतात तसं ऐकायचं. नबीचे हात लहान, बोटं निमुळती. उस्ताद म्हणे, “तुझा हात बाईचा आहे, पाव वळायला अल्लानं दिलाय.” चार वर्षांत नबी डोळ्यांनी, कानांनी, नाकानं, अंगठ्यानं सगळं शिकला. एकच गोष्ट राहिली. पहिला पाव बाहेर आला की उस्ताद तो स्वतः मोडायचा, वाफेसकट मोठा तुकडा तोंडात कोंबायचा, डोळे मिटायचा आणि नाकातून नुसता आवाज काढायचा, “हूं.” ते ‘हूं’ झालं की टोपल्या भरायच्या. एखाद्या दिवशी नुसता घसा खाकरला की समजायचं, आज काही चुकलं.

मग मुलीच्या लग्नासाठी उस्ताद गोव्याला गेला आणि परत आलाच नाही. तिकडेच भट्टी घातली, बरा आहे, असा निरोप आला. जाताना त्यानं मिठाचं माप सांगितलं होतं, कारण मीठ तोवर तो स्वतःच्याच हातानं घालत असे. “एका घाण्याला जाड्या मिठाच्या दोन मुठी.” नबीनं ते कलम्यासारखं पाठ केलं. पहिल्या दिवशी एकट्यानं काढलेला पहिला पाव समोर आला तेव्हा मेसचा खानसामा दारात उभा होता, आणि नबीनं काय करावं? त्यानं पाव मोडला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाला, “हूं.” खानसाम्यानं टोपली उचलली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग ती रीतच पडली, दारात कुणी असो वा नसो. अठरा वर्षं रोज सकाळी तो एक पाव मोडत होता, एकदा वास घेत होता आणि एक खोटं ‘हूं’ काढत होता. मोडलेला पाव बाहेर कावळ्यांना जायचा. कावळे तो आवडीनं खायचे, हाच काय तो दाखला.

त्या दिवशी टोपली घेऊन मेसकडे जाताना त्याला आजवर कधी न आलेली लाज आली. छावणी हलत होती. रिसाला कायमचा दुसरीकडे जाणार असा हुकूम आला होता. निम्मे तबेले रिकामे झाले होते, त्यांचे पत्रे उतरवून ठेवले होते, आणि एरवी लीद नि चामड्याच्या वासानं भरलेल्या रस्त्यावर आता नुसता फाल्गुनाचा वारा पाचोळा फिरवत होता. येत्या मंगळवारी मेसचं सामान निघणार होतं. त्यानंतरच्या शुक्रवारी त्याच्या बायकोचा, आमिनाबीचा, भाऊ चाँद सिरशाळ्याहून बैलगाडी घेऊन येणार होता. तिथं त्याचा फळांचा धंदा होता, दोघा नवराबायकोला तो घेऊन जाणार, नबीनं दुकानात बसून पेरू आणि सीताफळं विकायची, असं सगळं ठरलं होतं. नबी तेव्हा हौ म्हणाला होता. साहेबच नाहीत तर दारूचा पाव खाणार कोण? हे त्यानं मुकाट मान्य केलं होतं. आता मात्र टोपलीखालून चालताना त्याच्या मनात येत होतं की भट्टी विझण्याचं एक असो, पण कुणी सिरशाळ्याच्या बाजारात विचारलं, भाईजी, तुम्ही आधी काय करत होता, तर मी म्हणणार पाव करत होतो. आणि त्यानं विचारलं, कसा होता, तर? आयुष्यभर गाणं शिकवणारा माणूस बहिराच असावा, तसं काहीतरी आपलं झालं आहे असं त्याला वाटलं, आणि मेसच्या पायरीवर त्याला ठेच लागली. खानसाम्यानं टोपली धरली. “संभलके मियाँ, आखिरी हफ्ता है,” तो म्हणाला, आणि मग सवयीनं बडबडला की मिठाची पोतीही संपत आली, हे साहेब लोक बकऱ्यांसारखे मीठ चाटतात. ही त्याची अठरा वर्षांची जुनी तक्रार होती. नबीनं नेहमीसारखी मान हलवली.

दुपारी जेवताना आमिनाबीनं ओळखलंच. ती बोलायला फटकळ आणि नजरेला तीक्ष्ण. नवरा चतकोर भाकरी उरवतो म्हणजे काहीतरी बिनसलं, एवढा हिशेब तिला पुरे असे. त्यानं बायनाबाईचा प्रश्न सांगितला. त्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. भाकरीचा हात पुसत म्हणाली, “तो बिना बीर का बनाव ना जी.” “बनता नहीं.” “किसने बोला?” “उस्ताद ने.” “उस्ताद ने कभी बनाके देखा था?” नबी मनात म्हणाला, उस्तादाला काय गरज होती करून बघायची? त्याच्याकडे बिअर होती, आणि ती प्यायलाही त्याची ना नव्हती. बावीस वर्षं एक वाक्य आपण भिंतीसारखं मानलं आणि त्याला साधं बोट लावून पाहिलं नाही, हे आमिनाबीनं डाळ वाढता वाढता दाखवून दिलं. त्याला तिचा रागही आला आणि बावीस वर्षांपूर्वी निकाहाच्या वेळी आला नव्हता इतका तिचा अभिमानही वाटला. त्यानं उरलेली चतकोर खाल्ली, वर आणखी अर्धी मागून घेतली.

मशिदीतल्या बुजुर्ग इमामांना त्यानं तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजानंतर गाठलं. ते म्हणाले, खमीर तर आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, बीर नाही मग हरकत कसली? फक्त जुनं काही त्यात मिसळू नको. हीच तर अडचण होती. जुन्या बरणीतलं चमचाभर खमीर नव्या पिठात टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम झालं असतं. पण त्या चमच्यात बावीस वर्षांची बिअर होती. म्हणजे सगळं शून्यातून. गुरुवारी सकाळी त्यानं कुंभाराकडून कोरं मडकं आणलं. हापाचा शेवटचा डबा अर्धा होता. त्यातली मूठभर फुलं उकळली, पाणी गाळलं, बटाटा घातला, साखरेऐवजी घरचा गूळ घातला, आणि युसूफ वडगाव या गावच्या गव्हाचं दोनदा चाळलेलं पीठ कालवलं. आमिनाबीनं डब्याच्या तळाशी जपून ठेवलेल्या ईदच्या मनुका काढल्या आणि न विचारता त्यात टाकल्या. “ये कायकू?” “गोड हाय. गोडाला मुंग्या लागतात, तर खमीर कावून लागनार न्हाई?” शेजारणींशी मराठी बोलून बोलून तिचं असं व्हायचं, मधेच भाषा बदलायची. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून त्यांनी ते चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं, आणि मग दोघंही तिथंच उकिडवी बसली, जणू ते लगेच काही बोलणार होतं.

ते बोललं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. रविवारी फडकं सोडलं तर ओल्या पोत्याचा वास आला. एकीकडे जुन्या बरणीतलं खमीर रोजच्यासारखं उसळत होतं, झाकणाला ढुशा देत होतं, आणि साहेबांचे पाव फुगत होते. दुसरीकडे कोनाड्यात हे मडकं, घुम्यासारखं. नबी दिवसातून दहा वेळा त्याच्यापाशी जाई, कान लावी, बोट बुडवून हुंगी. घरात मूल नव्हतं. एके काळी आमिनाबीच्या पोटाला असाच कान लावून तो बसत असे, दोनदा. दोन्ही वेळा ते तसंच शांत होऊन गेलं होतं. ही आठवण त्यानं वर्षानुवर्षं दुमडून ठेवली होती, आणि आता ती मडक्यावरच्या फडक्यासारखी सुटून हातात आली. त्याला भीती वाटली की आमिनाबीलाही तेच आठवत असेल. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती मडक्याखाली कोमट राखेची पाटी सरकवत होती आणि मडक्याला दटावत होती, “उठ रे बाबा, किती सोतो. मामू आनेवाला है गाडी लेके.” नबीला एकदम हसू आलं. आपलं दुःख हिनं केव्हाच वाटून घेऊन संपवलंय, आपणच ते अजून एकटे सांभाळत बसलोय, हे त्याला कळलं आणि मोकळं वाटलं.

सोमवारी सकाळी साहेबांचा शेवटचा घाणा काढून तो घरात आला तर आमिनाबी कोनाड्यासमोर ओठांवर बोट ठेवून उभी. “सुनो.” त्यानं कान दिला. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, भात शिजत आल्यावर तळाशी होतो तसा, एक टुप्प. मग थोड्या वेळानं दुसरा. त्यानं फडकं सोडलं. राखाडी पिठावर हरभऱ्याएवढा एक बुडबुडा आला होता. तो हलला, ताणला, फुटला, आणि आतून पिकल्या पेरूचा आणि कडवट हापाचा असा ताजा वास आला की नबीनं मडक्यात जवळपास तोंडच घातलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दाढीत पांढरं आलेलं, आणि तो अंगणात येऊन उगाच दोन फेऱ्या मारून आत गेला. आमिनाबी एवढंच म्हणाली, “मनुका मेरे थे.”

मंगळवारी मेसचं सामान हललं. खानसामा निरोपाला आला आणि अडखळत म्हणाला, मियाँ, ती बरणी देता का? नव्या जागी साहेबांना पाव लागेल, कुणी पाववाला भेटेलच, पण असं खमीर भेटायचं नाही. नबीनं जुनी बरणी उचलली. बावीस वर्षं थंडीत ती त्यानं गोधडीत गुंडाळली होती, उन्हाळ्यात ओल्या वाळूत ठेवली होती. आई गेली त्या दिवशीही मातीहून परतल्यावर आधी तिला पीठ घातलं होतं. ती ज्यांची होती त्यांच्याबरोबर चालली, हे योग्यच होतं. त्यानं फडकं घट्ट बांधलं, गाडीत गवताच्या पेंढीत ती नीट बसवली, खानसाम्याला उकळण्या-गाळण्याचं सगळं सांगितलं, आणि मिठाचंही. दोन मुठी. गाड्या पुलाच्या पलीकडे दिसेनाशा होईपर्यंत तो उभा होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं येऊ दिलं.

बुधवारी सकाळी त्यानं मळायची लाकडी पेटी राखेनं तीनदा घासून उन्हात उलटी टाकली आणि संध्याकाळी कणीक मळली, लहानसा घाणा, नेहमीच्या निम्मा, म्हणून मीठ एक मूठ. गुरुवारी पहाटे भट्टी पेटवली. पीठ फेकून पाहिलं, ओल्या पोतेऱ्यानं आतली राख पुसली, पाव सारले. सगळं हातांना ठाऊक होतं. वास आला तो ओळखीचाच, थोडा गोडसर. रंग आला. बुडाशी टकटक केलं, आवाज बरोबर आला. त्यानं पहिला पाव हातात घेतला आणि मोडला. आमिनाबी दारात पदर धरून उभी होती. वाफ तोंडावर आली, डोळे आपोआप मिटले, सवयीनं ‘हूं’ घशापर्यंत आलं, आणि त्यानं ते गिळून टाकलं. बिस्मिल्ला म्हणून त्यानं पावाचा तुकडा तोंडात घातला. वरचं कवच कुरकुरलं. आतला भाग ऊन, मऊ, जिभेवर विरघळत चाललेला. हापाचा कडवटपणा कुठंतरी मागं, गुळाचा गोडवा त्याच्याही मागं. तो चावत राहिला. काहीतरी येईल म्हणून थांबला. तोंडात सगळं होतं आणि काहीतरी नव्हतं, घर झाडून सारवून ठेवलंय आणि माणूसच नाही तसं. त्यानं आमिनाबीला तुकडा दिला. तिनं खाल्ला. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोलताना अडखळली. “अच्छा है... नरम है...” “बोल.” “नमक नहीं है जी.”

आळणी. पाव आळणी होता. नबीनं मिठाच्या मडक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. त्यानं मूठ वळली. आवळ्याएवढी नसेल, पण लिंबापेक्षा फार मोठीही नव्हती. उस्तादाची मूठ त्याच्या डोळ्यांपुढे आली, कवठासारखी, तिच्यातून दोन्ही बाजूंनी मीठ सांडत असलेली. दोन मुठी! अठरा वर्षं तो त्याच दोन मुठी मोजत होता, पण बाईच्या हातानं. चाखणारं कुणी नव्हतं. ज्यानं चाखायचं तोच डोळे मिटून ‘हूं’ म्हणत होता. आणि साहेब? साहेबांना वाटलं असेल या मुलखात पाव असाच मिळतो. त्यांनी त्यावर खारं लोणी थापलं, खारवलेलं मांस घेतलं, वरून मीठ भुरभुरलं. बकऱ्यांसारखे मीठ चाटतात! नबीची आधी कानशिलं तापली. अठरा वर्षांची लाज एका घासात. मग तो हसला. भट्टीच्या कट्ट्यावर बसून, गुडघ्यावर हात मारत, डोळ्यांतून पाणी येईतो हसला. बरणी गेली, खानसामा गेला, आणि नव्या जागचा पाववाला काय हाताचा असेल कुणास ठाऊक! आमिनाबी घाबरून जवळ आली, मग कारण कळलं तेव्हा तीही खाली बसली, आणि दोघं अशी हसली की शेजारी डोकावून गेले. हसता हसता त्याला कळलं की आपल्याला खूप आनंद झाला आहे. पाव आळणी आहे, हे त्याला कळलं होतं. त्याला स्वतःला, स्वतःच्या जिभेनं.

त्या संध्याकाळी त्यानं नव्यानं कणीक मळली. मीठ मुठीनं घातलंच नाही. चिमूट चिमूट घालत गेला आणि कणकेचा कण जिभेवर ठेवत गेला. प्रत्येक चिमटीला चव थोडी सरकत होती, गव्हाची चव पुढे येत होती, गूळ मागं हटत होता, आणि एका जागी सगळं असं थांबलं की तोही थांबला. किती चिमटी झाल्या हे त्यानं मोजलं नाही. आमिनाबी म्हणाली, “माप तो याद रखो.” तो म्हणाला, “जबान है ना.”

शुक्रवारी ऊन अंगणात उतरलं तेव्हा दारात चाँदची गाडी उभी होती. चाँद उत्साही गडी. आल्या आल्या त्यानं दोन पेट्या, पाट्याचा दगड आणि पिठाचं रिकामं पिंप गाडीत चढवलं होतं, आणि आता मळायच्या लाकडी पेटीला हात घालत होता. “चलो दुल्हेभाई, धूप हो जायेगी. अब कायकी भट्टी?” नबीनं बोटानं थांब अशी खूण केली. तेवढ्यात बायनाबाई भारा घेऊन आली. छावणी उठली तरी तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, म्हणून ती आली होती. गाडी पाहून ती दचकली. “अगं बया, चालले व्हय तुमी? आन्‌ मला बोलला बी न्हाई?” नबीनं फावडं आत सारलं आणि पहिला पाव ओढला. बुडाशी टकटक केली. मोडला. एक तुकडा आमिनाबीच्या हातावर ठेवला, एक चाँदच्या. चाँदनं संशयानं नाकाशी नेला. “बीर?” “एक बूंद नहीं,” आमिनाबी म्हणाली. “खाव चुपचाप.” बायनाबाईपुढे तिसरा तुकडा धरताना नबीचा हात जरा घुटमळला, ती काय म्हणेल, शिवेल का, कुणी पाहील का. बायनाबाईनं भारा खाली टाकला, हात लुगड्याला पुसला आणि तुकडा उचलून घेतला. “आनाच हिकडं. अकरा सालं नुसत्या वासावर काढली हाईत म्यां.”

चाँद चावत होता. चावता चावता त्यानं दुसऱ्या हातानं टोपलीतला आणखी एक पाव उचलला, कुणाला न विचारता मोडला, आणि मग तोंड हलतं ठेवूनच गाडीकडे वळला. गाडीतलं पिठाचं पिंप त्यानं दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीशी होतं तिथं परत आणून ठेवलं. “सिरशाळ्याच्या बाजारला किती पाव देशाल?” त्यानं थेट मराठीतच विचारलं, धंद्याचं बोलायला लागला की त्याचं तसंच व्हायचं. आमिनाबी वळून पेट्या उतरवायला गेली, कारण तिला रडू येत होतं आणि ते भावाला दाखवायचं नव्हतं. नबीनं यातलं अर्धंच पाहिलं. त्याच्या हातात अजून स्वतःचा तुकडा होता. तो त्यानं तोंडात घातला, मोठा, वाफेसकट, दोन्ही गाल भरतील एवढा.

“मग?” बायनाबाईनं ओठांना लागलेला चुरा चाटत त्याच्याकडे पाहिलं. “सांगा की आता, नबीभाई. कसा लागतो?”

नबीला खूप काही सांगायचं होतं. पण तोंड भरलेलं होतं, आणि ऊन पावानं डोळे आपोआप मिटले होते.

“हूं,” तो म्हणाला.